हक्कसोड आणि मोठं आतडं

पहिल्या रविवारी सरांनी आम्हाला टाळ्या वाजवायला लावल्या. राजारामपुरीत एका क्लासचा वरचा मजला, बसायला सतरंज्या, माणसं पंधरा-वीस. टाळी वाजवताना कुठला हात वर राहतो त्यावरून माणूस जन्मतः उजवा की डावखुरा ते ठरतं आणि त्यावरून मनाला बसलेला धक्का मेंदूच्या कुठल्या बाजूला उमटला ते कळतं, असं सर म्हणाले. माझा उजवा हात वर होता. शेजारच्या काकूंचा मात्र डावा निघाला. जन्मभर उजव्या हातानं जेवलेल्या त्या बाईंना, आपल्याबद्दल काहीतरी नवीन कळलं म्हणून, केवढा आनंद झाला!

मला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येते, व्रण पडतात. सूज गुदाशयापासून सुरू होते आणि सलग वर सरकते. माझी डाव्या बाजूपर्यंत पोचली होती. शौचाला रक्त, आव, पोटात मुरडा आणि घाई अशी की शिरोली एमआयडीसीतून घरी येताना तावडे हॉटेलपाशी गाड्या तुंबल्या की मला घाम फुटायचा. आधी सगळ्यांनी मूळव्याध म्हटलं. मग आमांश म्हणून मेट्रोनिडाझोल झालं. शेवटी कोलनोस्कोपी आणि बायोप्सी झाली आणि नाव कळलं. मेसालामाईनच्या गोळ्या सुरू झाल्या, तांबडा रस्सा बंद झाला. कोल्हापुरात राहून मटणाच्या जेवणाला वरणभात घेऊन बसणं काय असतं ते ज्याचं त्यालाच ठाऊक.

डॉक्टर चांगले होते, पण बाहेर बाकड्यावर तीस माणसं बसलेली. मी विचारलं, "हे मलाच का झालं?" ते म्हणाले, "नेमकं कारण सांगता येत नाही. शरीराची प्रतिकारशक्ती आतड्यावरच उलटते. थोडं अनुवंशिक, थोडं आतड्यातल्या जिवाणूंचं, थोडं बाहेरचं." आता मला कळतं की हे उत्तर अगदी खरं होतं. त्या दिवशी मात्र मी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि रिक्षात बसल्यावर रडले. असल्या उत्तराशी माणूस भांडूही शकत नाही.

सरांकडे कारण होतं, आणि ते नेमकं होतं. ऑफिसातल्या एकीनं मला त्यांच्याकडे नेलं. ते डॉक्टर नव्हते, आणि तसं ते स्वतःच सांगायचे. त्यांचं म्हणणं असं की आजार म्हणून काही नसतंच. बेसावध असताना बसलेला आणि एकट्यानं सोसलेला धक्का हे प्रत्येक दुखण्याचं मूळ. धक्का कोणत्या प्रकारचा, त्यावरून अवयव ठरतो. त्वचेला विरह, फुप्फुसाला मृत्यूची भीती, आणि मोठ्या आतड्याला न पचलेला, किळसवाणा राग. "कुणीतरी तुमच्या तोंडात असा घास कोंबला," सर म्हणाले, "जो तुम्हाला गिळताही आला नाही आणि थुंकताही आला नाही. आठवा."

मला आठवायला फार वेळ लागला नाही.

पहिली वैयक्तिक भेट दोन तास चालली. दोन तास! माझ्या आईनंही माझं बोलणं इतका वेळ कधी ऐकलं नसेल. आप्पा गेल्यावर कागल तालुक्यातली आमची उसाची जमीन भावाच्या नावावर करायची ठरली. आम्ही दोघी बहिणी. 2005 च्या कायद्यानं मुलीला मुलाइतकाच हिस्सा आहे हे मला माहीत होतं आणि भावालाही माहीत होतं. पण आई म्हणाली, "तुला काय कमी हाय? नोकरी हाय, नवरा मिळवता हाय. भावाच्या शेतात पाय टाकू नगंस." निबंधक कार्यालयात हक्कसोडावर, म्हणजे हिस्सा सोडल्याच्या दस्तावर, सही झाली, अंगठे उठले, साक्षीदार जेवून गेले. वहिनीनं महाद्वार रोडवरून आणलेली साडी ओटीत घातली. मोरपंखी रंगाची. मी ती आजपर्यंत नेसलेली नाही. हे सगळं मी सरांना सांगितलं तेव्हा ते मधे एकदाही बोलले नाहीत. सांगून झाल्यावर म्हणाले, "सापडला तुमचा घास."

खोटं कशाला सांगू, अंगावर काटा आला.

पण माझं काम फौंड्रीत, क्वालिटी विभागात. तारखा तपासायची सवय हाडात गेलेली. घरी येऊन फाईल काढली. हक्कसोड हिवाळ्यात झालं होतं. रक्त पडतंय म्हणून आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी दिलेली पहिली चिठ्ठी त्याच्या आधीच्या पावसाळ्यातली होती, तेव्हा आप्पा हिंडतेफिरते होते. पुढच्या भेटीत मी चिठ्ठी सरांपुढे ठेवली. ते जराही गडबडले नाहीत. "म्हणजे धक्का त्याच्याही आधीचा. हिस्सा मिळणार नाही हे तुम्हाला आतून कळलं होतं. हक्कसोड हा नुसता ट्रॅक." ट्रॅक म्हणजे मूळ धक्क्याची आठवण करून देणारी गोष्ट, तिनं दुखणं पुन्हा उठतं. मी विचारलं, मग तो मूळ धक्का कोणता? तर तो शोधायला आणखी भेटी लागणार होत्या.

आमच्या रविवारच्या बैठकीत जवळजवळ प्रत्येकाचा धक्का सापडायचा. कुणाचा 2019 च्या पुरात घर बुडालं त्यातला, कुणाचा वाटणीतला, कुणाचा मुलीनं पळून जाऊन लग्न केलं त्यातला. मागच्या दहा वर्षांत ज्याला काहीच गिळावं लागलं नाही असा माणूस आमच्या जिल्ह्यात दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा नाही. आणि अशी सगळी माणसं काही रक्त हगत नाहीत. भाषा क्षमा करा, पण या आजारात सोवळी भाषा टिकत नाही.

ही विचारपद्धती कुणाची, ते मी मग वाचून काढलं. राइक गेर्ड हामर नावाचे जर्मन डॉक्टर होते. 1978 मध्ये कोर्सिकाजवळ बोटीत झोपलेल्या त्यांच्या मुलाला, डिर्कला, गोळी लागली. ती झाडल्याचा आरोप इटलीच्या शेवटच्या राजाच्या मुलावर आला. डिर्क काही महिने झुंजून त्याच वर्षी डिसेंबरात गेला. पुढे हामरांना वृषणाचा कर्करोग झाला. मुलाच्या मृत्यूच्या धक्क्यानंच तो झाला असं त्यांनी ठरवलं, आणि तिथून सगळ्या रोगांचे पाच जैविक नियम बांधले. मूळ धक्क्याला त्यांनी मुलाचंच नाव दिलं. हे वाचताना मला त्या माणसाचा राग येईना. पोटचं पोर असं गेल्यावर बाप कुठंतरी कारण शोधणारच.

पुढचं वाचलं तेव्हा मात्र राग आला. धक्का बसला की मेंदूच्या सीटी स्कॅनवर वर्तुळं उमटतात असं ते म्हणायचे. ती वर्तुळं म्हणजे स्कॅन मशीनमुळे चित्रात येणारे दोष, असं रेडिऑलॉजिस्ट सांगत आलेत. 1986 मध्ये हामरांचा वैद्यकीय परवाना गेला. 1995 मध्ये ऑस्ट्रियातल्या एका सहा वर्षांच्या मुलीला मूत्रपिंडाचा कर्करोग होता. तिचे आईवडील केमोथेरपी टाळून तिला स्पेनला, हामरांकडे, घेऊन गेले. गाठ वाढत राहिली. शेवटी न्यायालयानं हस्तक्षेप केला, केमो आणि शस्त्रक्रिया झाली, आणि ती मुलगी वाचली. हामरांनी जर्मनीत आणि फ्रान्समध्ये तुरुंगवास भोगला. 2017 मध्ये नॉर्वेत ते वारले. यातला कर्करोग, मुलाचा मृत्यू आणि तुरुंग एवढंच सर सांगायचे, आणि तुरुंग म्हणजे औषध कंपन्यांचा कट. परवाना आणि ती मुलगी त्यांच्या बोलण्यात कधी आली नाही.

तरी मी जात राहिले. का, ते नवऱ्यानंही विचारलं. तिथून आल्यावर मला झोप लागायची, हे खरं उत्तर. गोळ्या मात्र मी सोडल्या नाहीत. मेसालामाईननं 'बरं होणं अडतं' असं सर सांगायचे, हळूहळू सोडा म्हणायचे. मी मान डोलवायची आणि रात्री गोळी घ्यायची. भट्टीवर आम्ही एका वेळी एकच गोष्ट बदलतो, नाहीतर फरक कशानं पडला ते कळत नाही. इथं मी रागाचं काहीतरी करणार होते, तर गोळ्या तशाच ठेवायला हव्या होत्या.

रागाचं करायचं ते असं. आधी भावाला पत्र लिहायचं, न पाठवण्यासाठी. मी वहीची नऊ-दहा पानं लिहिली आणि हात दुखून आला. त्यानंतर प्रत्यक्ष जाऊन बोलायचं. गावी गेले. तो गोठ्यात होता.

"दादा, हक्कसोडावर सही केली ती मला मान्य न्हवती."

त्यानं धारेची बादली खाली ठेवली. "मग त्या वक्ताला बोलायचं हुतंस की, अक्का."

"तू विचारलंस कुठं?"

"आईनं सांगितलं तू हो म्हटलीस म्हणून. सोसायटीचं कर्ज, बोअर मारलेली, आप्पांचं दवाखान्याचं बिल, सगळं माझ्याच डोक्यावर हाय. तू हिस्सा घेतीस तर कर्जाचा पण घेनार व्हय?"

यावर मला उत्तर सुचलं नाही. त्याच्या बोलण्यात खोट नव्हती आणि माझ्याही नव्हती. वहिनीनं चहा दिला, चहात आलं होतं, मी प्यायले. निघताना त्यानं गाडीत गुळाची ढेप ठेवली. येताना पार कागल येईपर्यंत मी मोठ्यानं गाणी म्हणत होते. इतकं मोकळं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात रक्त वाढलं. आधी एखादेवेळी दिसायचं, आता दर वेळी. रात्री उठावं लागायला लागलं. मी सरांना फोन केला. ते म्हणाले, "अभिनंदन!"

त्यांच्या पद्धतीत धक्का चालू असतो तेव्हा शरीर गप्प राहतं. तो सुटला की दुरुस्ती सुरू होते, आणि रक्त, जुलाब, ताप, रात्रीचा घाम या सगळ्या दुरुस्तीच्या खुणा. म्हणजे कोलायटिस हाच मुळी बरं होण्याचा टप्पा. मी विचारलं, आणि हे थांबलंच नाही तर? तर ती 'लटकलेली दुरुस्ती', माझ्या मनानं राग अजून पुरता सोडलेला नाही म्हणून. आणि थांबलं तर? तर अर्थातच पद्धत लागू पडली.

आमच्या फौंड्रीत कास्टिंगमध्ये ब्लो होल आलं तर आम्ही वाळूतला ओलावा मोजतो, हवा निघायची वाट तपासतो, ओतलेल्या धातूचं तापमान बघतो. ओलावा कारण असेल तर ओलावा उतरवल्यावर भोकं कमी झाली पाहिजेत, आणि नाही झाली तर ते कारण खोडायचं. भोकं कमी झाली तरी कारण बरोबर, वाढली तरी बरोबर, आहे तेवढीच राहिली तरी बरोबर, असं कुणी सुपरवायझर सांगायला लागला तर त्याला आम्ही दुसऱ्या दिवशी स्टोअरला बसवू.

त्याच आठवड्यात मी कॅल्प्रोटेक्टिन केलं. ही शौचाची तपासणी. आतड्यात पांढऱ्या पेशी जमल्या की त्यांच्यातलं हे प्रथिन शौचात उतरतं. साधारण पन्नासच्या खाली असेल तर आतड्याला सूज नाही असं मानतात. माझं आलं नऊशेच्या वर. डॉक्टरांनी गोळ्यांचा डोस वाढवला, रात्री झोपताना मेसालामाईनचा एनिमा दिला, आणि काही आठवडे स्टेरॉइड. डाव्या बाजूच्या सुजेला तोंडानं गोळी आणि खालून औषध अशा दोन्ही वाटांनी केलेला उपचार नुसत्या गोळीपेक्षा चांगला लागू पडतो, हे त्यांनी चित्र काढून समजावलं. या वेळी मी वेळ मागून शेवटच्या नंबरला गेले होते. बाहेरचं बाकडं रिकामं असलं की डॉक्टरही बोलतात.

मी त्यांना सरांचं सगळं सांगितलं. चिडतील असं वाटलं होतं, पण चिडले नाहीत. म्हणाले, आतडं आणि मेंदू यांच्यात दोन्हीकडून निरोप जात असतात, आतड्याचं स्वतःचं मज्जातंतूंचं जाळं आहे. ताण वाढला की आजार उसळल्याचं पुष्कळ रुग्णांत दिसतं. आयबीएस नावाच्या दुसऱ्या दुखण्यात, जिथं सूज नसते, व्रण नसतात, तिथं मानसोपचारानं पोटाची लक्षणं खरोखर उतरतात. कोलायटिसमध्ये त्यानं जगणं सुसह्य होतं, उदासी कमी होते, पण अस्तराची सूज उतरते याचा भरवशाचा पुरावा नाही. "समुपदेशकाकडे जरूर जा," ते म्हणाले, "राग तिथं काढा. पण गोळी घेऊन काढा."

ही कल्पना काही हामरांनी पहिल्यांदा काढली नव्हती. 1950 मध्ये फ्रान्झ अलेक्झांडर या मनोविश्लेषकानं मानसिक कारणांशी जोडलेल्या सात आजारांची यादी मांडली, त्यात अल्सरेटिव्ह कोलायटिस होताच. जठराचा अल्सरही होता. त्या काळात कोलायटिसच्या रुग्णांना मनोविश्लेषणाला बसवत, त्यांच्या आयांचे स्वभाव तपासत. 1984 मध्ये बॅरी मार्शल या ऑस्ट्रेलियन डॉक्टरनं हेलिकोबॅक्टर जिवाणूंचा घोल स्वतः पिऊन दाखवला, त्यांना जठराची सूज आली, जठराच्या अल्सरमागे बहुतेकदा हेच जिवाणू असतात हे पुढे मान्य झालं, आणि 2005 मध्ये त्यांना आणि रॉबिन वॉरन यांना नोबेल मिळालं. तोवर किती अल्सरवाल्यांना 'काळजी करू नका' एवढंच औषध मिळालं असेल!

सर आणखी एक दाखला द्यायचे, आपल्या आयुर्वेदाचा. माझी शाळेतली मैत्रीण वैद्य आहे, तिला विचारलं. ती म्हणाली, दाखला खरा आहे. चरकांनी अतिसाराचे सहा प्रकार सांगितले, त्यात एक भयज आणि एक शोकज. सुश्रुतांच्या शोकज अतिसारात तर गुंजेच्या रंगाचं रक्त पडतं. चरकांनी या दोन्हींवर वातशामक औषधाबरोबर हर्षण आणि आश्वासन सांगितलं आहे, म्हणजे रोग्याला आनंदात ठेवा, धीर द्या. "पण अगं," ती म्हणाली, "सहातले दोन. उरलेले चार दोषांचे. सगळेच शोकानं होतात असं त्यांनी कुठं म्हटलंय? आणि शोक झालाय म्हणून औषध बंद कर असंही म्हटलेलं नाही."

बैठकीत एक तरुण मुलगा यायचा. त्याचं वजन उतरत चाललं होतं, संध्याकाळी ताप, रात्री घाम. क्षयाचे जंतू हे शरीराचे मदतनीस, नको असलेल्या पेशींची विल्हेवाट लावणारे, असं सरांनी त्याला सगळ्यांसमोर सांगितलं. आपल्याकडे, जिथं आतड्याचा क्षय इतका आढळतो, तिथं! मी जिन्यात त्याला गाठून त्याच्या वडिलांचा नंबर घेतला. पुढे तपासणीत आतड्याचा क्षयच निघाला. सरकारी दवाखान्यातून गोळ्या फुकट सुरू झाल्या, त्या निदान सहा महिने घ्याव्या लागतात. त्यानंतर मी राजारामपुरीत गेले नाही. सरांचा मेसेज आला होता: तुम्ही दुरुस्तीच्या ऐन मध्यावर माघार घेताय. मी उत्तर दिलं नाही. टाळ्यांच्या काकू अजून जातात, त्यांना सांधेदुखी आहे आणि तिथं सोबत मिळते. त्यांच्या बीपीच्या गोळ्या चालू आहेत ना, एवढं मी अधूनमधून विचारते.

समुपदेशक मात्र मी धरून ठेवली. तिच्याकडे पाऊण तास मिळतो. माझ्या आतड्याबद्दल ती एक अक्षरही बोलत नाही, आईबद्दल पुष्कळ बोलते.

एनिमा-गोळ्यांनी रक्त थांबलं. नंतरच्या कोलनोस्कोपीत अस्तर भरून आलेलं दिसलं, सुजेत दिसेनाशी झालेली रक्तवाहिन्यांची नक्षी पुन्हा उमटली होती. गोळ्या चालूच आहेत. आजाराला आठ वर्षं झाली की कर्करोगाच्या दृष्टीनं ठराविक काळानं कोलनोस्कोपी करत राहायची, तीही करणार आहे.

राहिला राग. मध्यंतरी वकीलबाईंना भेटले. नोंदणी झालेलं हक्कसोड रद्द करायचं तर फसवणूक किंवा दबाव सिद्ध करावा लागतो, आणि दाव्याची मुदत तीन वर्षांची, ती कधीच उलटून गेली. "आईनं सांगितलं म्हणून सही केली, याला कोर्टात दबाव म्हणत नाहीत," त्या म्हणाल्या. त्या रात्री मी डोळ्याला डोळा लावला नाही. भावावर, आईवर, स्वतःवर, त्या मोरपंखी साडीवर, सगळ्यांवर संतापले होते. दिवाळीत भाऊबीजेलाही गेले नाही. सकाळी पोट शांत असायचं, पण एवढ्यावरून मी काही मानणार नव्हते. पंधरवड्यानं कॅल्प्रोटेक्टिन करून घेतलं. आकडा आला 38.